मापाची एस. टी.



दिवाळीच्या दिवसांत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड रचतात, चिखल लिंपतात, वर मोहरी पेरतात, आणि बाजारातून आणलेले मावळे त्यावर उभे करतात. आमच्या जयगडला तर खरा किल्लाच दारात आहे. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे त्याचे बुरूज अजून उभे आहेत. तरीही अंगणातल्या जयगडावरचा मावळा बुरुजाहून उंच असतो, आणि तोफ असते ती दरवाजातून आत जाणार नाही एवढी! त्यात काही बिघडत नाही. तो सणाचा खेळ आहे. पण एखाद्या मुलाने मध्येच विचारले, "मावळा एवढा, तर मग बुरूज केवढा हवा?" तर समजावे, की हे पोर आता खेळण्याकडून प्रतिकृतीकडे निघाले.

खेळणे बघून वस्तू ओळखू आली म्हणजे झाले. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भाग मूळ वस्तूच्या त्या त्या भागाच्या एकाच पटीत लहान असावा लागतो. चाक पंचवीस पट लहान केले, तर दारही पंचवीस पटच लहान, पायरीही तेवढीच आणि खिडकीचा गजही तेवढाच. आज मी आपल्याला अशी एक प्रतिकृती कशी बांधावी ते सांगणार आहे. वस्तू आपणा सर्वांच्या ओळखीची घेतली आहे: एस. टी.ची लाल गाडी. सामान म्हणजे प्लास्टिकची सपाट शीट, एक कटर, एक पोलादी पट्टी आणि आपण स्वतः घेतलेली मापे. तयार भाग विकत आणून जोडायचे नाहीत. गाडी मुळापासून आपणच बांधायची.

आता तुम्ही म्हणाल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग झाला. तर एक हकीकत ऐका. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळांकडे पाच लाख लहान विमाने मागितली. आकाशात दूर दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकाला झटकन ओळखता यावे, यासाठी ती हवी होती. मुलांनी ती लाकडातून कोरायची होती, आणि प्रमाण ठरले होते १:७२. म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर ते प्रतिकृतीत १ सेंटिमीटर. असे विमान १० मीटरांवर टांगले, तर खरे विमान ७२० मीटरांवरून जेवढे दिसेल तेवढेच ते डोळ्याला दिसते. माप चुकले, तर सैनिकाचा डोळा चुकीचे शिकणार. म्हणून मुलांनी केलेली विमाने तपासून घेतली जात. शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासाला एवढे वजन क्वचितच आले असेल.

आपल्या एस. टी.वर तशी काही वेळ आलेली नाही. पण आपल्या हातूनही एक गोष्ट निसटते आहे, ती सांगतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एस. टी. धावली. ती बेडफर्ड गाडी होती आणि तिची बॉडी लाकडी होती. पुढे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी आली. त्या पत्र्याच्या खडखडाटातच आपल्या दोन पिढ्या शाळेला, बाजाराला आणि मुंबईला गेल्या. आता पोलादी बॉडीच्या गाड्या बांधतात. १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-नगर रस्त्यावर विजेवर चालणारी 'शिवाई' धावली. आणि केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी व परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. जुनी गाडी मोडीत जाते. जावीच, म्हाताऱ्या गाडीला घाटात राबवू नये. पण ती जाण्यापूर्वी गावाने तिची मापे घ्यावीत, असे मला वाटते.

का, ते जयगडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. या खाडीत एके काळी शिडाची गलबते असत, मचवे असत, पडाव असत. मुंबईची बोट येथे थांबत असे. कोकणातले मेस्त्री कागदावर नकाशा न काढता, बापाकडून आलेल्या मापांवर आणि डोळ्याच्या अंदाजावर होड्या बांधत. मोठी कसबी माणसे! पण मेस्त्री गेला की त्याचे माप त्याच्याबरोबर गेले. आज एखाद्या शाळेला जुन्या मचव्याची प्रतिकृती करायची म्हटली, तर नाळ किती उंच, पोट किती रुंद, हे सांगायला गावात कोणी सापडणे कठीण. एस. टी.चे नकाशे महामंडळाच्या कार्यशाळांत असतीलच. पण आपल्या शाळेच्या कपाटात, आपल्या मुलांच्या अक्षरात लिहिलेली मापे असणे, ही गोष्ट वेगळी.

कार्यशाळांचा विषय निघाला म्हणून सांगतो. महामंडळाच्या गाड्यांची बॉडी पुण्याजवळ दापोडीला, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात आणि नागपूरजवळ हिंगण्याला बांधली जाते. गाडीच्या नंबरावरून बहुधा तिचे माहेर कळते. एमएच १४ असेल तर दापोडी, एमएच २० असेल तर चिकलठाणा, एमएच ४० असेल तर हिंगणा. थांब्यावर गाडीची वाट बघणाऱ्या मुलांना हे एकदा सांगून बघा. दुसऱ्या दिवसापासून ती नंबर टिपू लागतील.

आता माझीच फजिती सांगतो. माझी पहिली एस. टी. मी फोटोवरून केली. फोटो पुढच्या कोपऱ्यातून काढलेला होता. खिडक्या मोजल्या, पट्टीने लांबी काढली आणि गाडी उभी केली. रंग छान बसला. मोठ्या ऐटीत मी ती जयगडला वस्तीला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "सर, गाडी झकास. पण हिचं शेपूट कुठाय?"

"शेपूट म्हणजे, काका?"

"मागच्या चाकाच्या मागचा भाग हो. हा एवढा असता तर आम्हांला वळणावर काळजीच नव्हती. गाडी वळवली की मागचं टोक उलट बाजूला फेकतं. तिकडे कोणी उभा असला तर? आमचं अर्धं ध्यान त्या शेपटातच असतं."

"पण मी तर फोटोवरून केली."

"फोटो पुढनं काढलात ना? पुढनं बघणाऱ्याला शेपूट दिसतंय कुठं!"

झाले! चूक एका वाक्यात उमगली. फोटोत जवळचा भाग मोठा येतो आणि दूरचा आखडतो. मी कॅमेऱ्याची फसवणूक खरी मानून मिलिमीटरपर्यंत उतरवली होती. मग ते गृहस्थ स्वतःच टेपचे दुसरे टोक धरून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. तेव्हापासून माझा नियम ठरला: फोटो तपशिलासाठी, माप टेपने.

तेव्हा पहिले काम मोजण्याचे. गाडी थांबलेली हवी, इंजिन बंद हवे, आणि ड्रायव्हर-कंडक्टरांची परवानगी हवी. शाळेचा वर्ग नेणार असाल, तर आगार व्यवस्थापकांना आधी पत्र द्या. मुलांनी गाडीखाली शिरायचे नाही आणि रस्त्याच्या बाजूला उभे राहायचे नाही. सामान थोडेच: लांब टेप, ओळंबा, सुतळी, खुणा केलेला एक सरळ बांबू आणि वही.

मोजताना एक पथ्य पाळा. सगळी लांबी एकाच खुणेपासून मोजा. मी पुढच्या चाकाचा मध्य धरतो. पहिली खिडकी मोजली, मग तिच्या शेवटापासून दुसरी, मग तिसरी, असे करत गेलात, तर प्रत्येक वेळी होणारी अर्ध्या सेंटिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटच्या खिडकीला गाडी बोटभर लांब नाहीतर आखूड होते. टेप एकदाच पसरा, हलवू नका, आणि त्यावर जो जो आकडा येईल तो वाचत जा. एकाने वाचावे, दुसऱ्याने मोठ्याने उच्चारून लिहावे. उंचीसाठी बांबू गाडीला लागून उभा करा आणि तो सरळ आहे की नाही ते ओळंब्याने बघा.

चाकाचा व्यास कसा मोजाल? टायरच्या घेराभोवती सुतळी गुंडाळा. खाली जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे ती जाणार नाही, म्हणून सुटे चाक दिसले तर उत्तम. घेर समजा ३३० सेंटिमीटर भरला. त्याला २२ ने भागून ७ ने गुणले, की व्यास १०५ सेंटिमीटर. वर्तुळाचा घेर आणि व्यास यांचे नाते फळ्यावर कितीदा सांगितले तरी मुलांच्या डोक्यात राहत नाही. सुतळीने मात्र राहते. टायरवरची अक्षरेही वाचायला लावा. १०.०० आणि २० असे आकडे असले, तर टायरची रुंदी सुमारे १० इंच आणि आतल्या लोखंडी रिमचा व्यास २० इंच.

आता प्रमाण ठरवू. परदेशी हौशी लोक १:२४, १:४८, १:७२ अशी विचित्र वाटणारी प्रमाणे वापरतात. ती फूट-इंचांतून आली आहेत. फुटाला अर्धा इंच धरला की १:२४ होते, पाव इंच धरला की १:४८, आणि सहा फुटांना एक इंच धरला की १:७२. आपण मीटर वापरतो. आपल्याला १:२५ सोयीचे. कारण हिशेब तोंडी होतो: मीटरला चार सेंटिमीटर, आणि दहा सेंटिमीटरला चार मिलिमीटर. भागाकार करायलाच नको. मीटरच्या आकड्याला चाराने गुणले की प्रतिकृतीचे सेंटिमीटर मिळाले.

उदाहरण घेऊ. समजा तुमची गाडी साडेदहा मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भरली. प्रतिकृती होईल ४२ सेंटिमीटर लांब, १० रुंद, १२ उंच. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ५.३ मीटर, तर प्रतिकृतीत २१.२ सेंटिमीटर. पुढच्या आसापुढचा भाग २.१ मीटर, म्हणजे ८.४ सेंटिमीटर. आणि ते शेपूट ३.१ मीटर, म्हणजे १२.४ सेंटिमीटर. तिन्हींची बेरीज ४२ आली पाहिजे. आली नाही, तर कापण्याआधी परत गाडीकडे जा. आणखी एक ताळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागे निघालेला हा भाग दोन आसांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांहून जास्त असता कामा नये. आपल्या उदाहरणात तो ५८ टक्क्यांच्या थोडा वर आहे. माझ्या पहिल्या गाडीत तो चाळीससुद्धा नव्हता!

हे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमच्या वहीत तुमच्याच गाडीचे आकडे हवेत.

आता प्लास्टिककडे वळू. या कामाला सर्वांत चांगले प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. नाव परके वाटले, तरी ओळख जुनी आहे. शाळेच्या प्रकल्पांत वर्षानुवर्षे वापरलेले थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच. फक्त हवा भरून फुगवलेले. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे. न फुगवलेली, घट्ट शीट असते ती आपल्या उपयोगाची. एदुआर्द सिमोन नावाच्या बर्लिनच्या औषधविक्याला १८३९ साली एका झाडाच्या डिंकातून हा पदार्थ मिळाला. पण तो नेमका काय आहे हे कळायला ऐंशी वर्षे लागली. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडले, की असे पदार्थ म्हणजे लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्याबद्दल १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ही साखळी ध्यानात ठेवा. चिकटवण्याच्या वेळी तिचे काम पडेल.

ही शीट मुंबई-पुण्याकडे प्लास्टिकच्या व्यापाऱ्यांकडे मिळते. एक मिलिमीटर जाडीची आणा. ती मिळाली नाही, तर मोडीत निघालेल्या फ्रिजच्या आतले पांढरे अस्तर बहुधा याच जातीचे असते. दह्याच्या किंवा आइस्क्रीमच्या डब्याच्या बुडाला त्रिकोणात ६ चा आकडा असला, तर तेही पॉलिस्टायरीन. जवळच्या गावात बोर्ड रंगवणारा किंवा फ्लेक्सवाला असेल, तर त्याच्याकडे फोमशीटचे तुकडे पडलेले असतात. ते पीव्हीसीचे असते. त्याचीही गाडी होते, पण चिकटवण्याचा पदार्थ निराळा लागतो. म्हणून बॉडी एकाच जातीच्या शीटची करा.

कोणते प्लास्टिक हातात आले हे ओळखण्यासाठी जाळून पाहू नका. पीव्हीसी जळताना निघणारा वायू छातीला घातक असतो. त्यापेक्षा पाण्याची परीक्षा घ्या. तुकडा साध्या पाण्यात तरंगला, तर तो बादली-डब्यांच्या जातीचा, किंवा हवा भरलेला फोम. बुडाला, तर पाण्यात मूठमूठ मीठ विरघळवत जा. दाट मिठाच्या पाण्यात वर आला, तर बहुधा पॉलिस्टायरीन. घट्ट पीव्हीसी तिथेही बुडतेच. शास्त्राच्या तासाला घनतेचा धडा याहून स्वस्तात होणार नाही.

कापायला लागण्यापूर्वी एकदा पुठ्ठ्याची गाडी करा. जुन्या लग्नपत्रिका यासाठी फार चांगल्या. सगळे भाग पुठ्ठ्यात कापून चिकटपट्टीने जोडले, की हिशेबातली चूक उघडी पडते, आणि खर्च शून्य. पुठ्ठ्याची गाडी बरोबर आली, की तेच भाग शीटवर ठेवून टोकदार पेन्सिलीने आखा. रेघ बारीक हवी. १:२५ मध्ये अर्धा मिलिमीटर चुकलात, म्हणजे खऱ्या गाडीत सव्वा सेंटिमीटर चुकलात.

पॉलिस्टायरीन कापण्याची एक युक्ती आहे. ते आरपार कापायचे नसते. पोलादी पट्टी धरून कटर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचा, खाच पडली की शीट टेबलाच्या कडेवर धरून खाली वाकवायची. टक्‌ आवाज होऊन ती खाचेवर सरळ तुटते. कटरवर जोर दिला की तो घसरतो आणि बोट कापते. लहान मुलांच्या हातात कटर देऊच नका. त्यांनी आखावे, घासावे, जोडावे.

खिडक्या कोरत बसू नका. त्यात कोपरे बिघडतात. गाडीची बाजू पट्ट्यांनी बांधा: खाली एक रुंद पट्टी, वर एक अरुंद पट्टी, मध्ये खिडक्यांमधले खांब. खरी बॉडीही अशीच खांबांच्या सांगाड्यावर उभी असते. खांब काटकोनात बसले की नाही ते सुताराच्या गुण्याने तपासा.

आता येतो तो खड्डा, ज्यात प्रत्येक नवखा पडतो. प्रतिकृती १० सेंटिमीटर रुंद, म्हणून तुम्ही तळही १० सेंटिमीटर रुंद कापला, आणि दोन्ही बाजू बाहेरून चिकटवल्या. झाली गाडी १०.२ सेंटिमीटर! कारण शीटला स्वतःची जाडी आहे. एका बाजूला एक मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला एक. म्हणून तळ ९८ मिलिमीटरच कापायचा. मागचा आणि पुढचा भाग बसवतानाही हाच विचार. कोणता तुकडा कोणाच्या आत बसणार, हे आधी ठरवून वहीत लिहा. खऱ्या पत्र्याची जाडी मात्र प्रमाणात आणता येत नाही. एक मिलिमीटरचा पत्रा पंचवीस पट पातळ केला तर तो कागदाहूनही पातळ होईल. तिथे तडजोड करावी. पण आपण तडजोड कुठे केली ते वहीत लिहून ठेवावे.

तळावर दर सहा-सात सेंटिमीटरला एक आडवी चौकट उभी करा, म्हणजे बाजू आत दबणार नाहीत.

चिकटवण्याचे शास्त्र गमतीचे आहे. आपण डिंक लावतो तेव्हा दोन कागदांमध्ये तिसरा पदार्थ राहतो. पॉलिस्टायरीनला तसे नाही. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या एन. सी. थिनरमध्ये बहुधा टोल्युईन असते. बारीक ब्रशने त्याचा थेंब सांध्यावर लावला, की तो आत ओढला जातो आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा क्षणभर मऊ होतात. मघाच्या त्या साखळ्या सैल होऊन एकमेकींत गुंततात. थिनर उडून गेला, की दोन तुकड्यांचा एकच तुकडा झालेला असतो. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. फोमशीट असेल, तर नळाच्या पाइपांना लावतात ते पीव्हीसीचे सोल्युशन चालते. दोन्हींची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ चूल, दिवा, विडी काही नको, आणि हे काम मोठ्या माणसानेच करावे.

छपराच्या कडा गोल असतात. पॉलिस्टायरीन उकळत्या पाण्याच्या आसपासच्या उष्णतेला मऊ होते. शीटची कड योग्य जाडीच्या गोल दांड्यावर कापडाच्या पट्टीने घट्ट बांधा, वरून उकळते पाणी ओता, आणि गार होईपर्यंत सोडू नका. गार झाल्यावर वळण कायम राहते.

चाके सहा लागतात, पुढे दोन आणि मागे चार, हे विसरू नका. मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असतात. १०५ सेंटिमीटर व्यासाचे चाक ४.२ सेंटिमीटरचे होते. फोमशीटच्या तीन मिलिमीटर जाडीच्या चार चकत्या एकावर एक चिकटवून कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, की टायर जवळजवळ मापात येतो. आसासाठी सायकलचा आरा वापरा. खिडकीचे गज झाडूच्या बारीक काड्यांचे करा. पत्र्यावरच्या रिव्हेटांसाठी बोथट सुईने शीट मागून हलकेच दाबा. प्रवासी उभा करायचा, तर १६५ सेंटिमीटरचा माणूस ६.६ सेंटिमीटरचा. तो दारातून वाकून शिरत असेल, तर दार चुकले!

रंग देण्यापूर्वी ओल्या पॉलिश पेपरने सगळे अंग घासा आणि पांढरा अस्तर-रंग द्या. लाल रंग पातळ करून दोन-तीन हातांत द्यावा. जाड हात दिला, की रिव्हेट बुजतात. डब्यातला लाल तसाच लावला, तर गाडी खेळण्यासारखी भडक दिसते. खरी गाडी आपण दुरून पाहतो आणि मधल्या हवेने तिचा रंग थोडा फिका होतो. म्हणून लालात किंचित पांढरा मिसळा. काचांसाठी पारदर्शक शीट सर्वांत शेवटी, आतून, पांढऱ्या फेव्हिकॉलने लावा. फेव्हिक्विकच्या वाफेने काच धुरकट होते.

शिक्षकमित्रांना एक विनंती. प्रदर्शन जवळ आले, की आई-वडील रात्री जागून प्रतिकृती करतात, किंवा ती दुकानातून येते, आणि मुलगा ती फक्त उचलून आणतो. असे होऊ नये म्हणून गुण गाडीला देऊ नका, वहीला द्या. कोणी काय मोजले, दोनदा मोजल्यावर किती फरक आला, हिशेब कसा केला, तडजोड कुठे केली, हे सारे वहीत दिसते, आणि ते विकत मिळत नाही. वर्गाचे चार गट करा: एक मोजणारा, एक नकाशा आखणारा, एक कापणारा-जोडणारा आणि एक तपासणारा. तपासणाऱ्या गटाने तयार गाडी पुन्हा मोजून, चाराने भागून मूळ गाडीशी ताडून पाहावी. वरच्या वर्गाला आणखी एक प्रश्न घाला. खरी रिकामी गाडी समजा १० टनांची आहे. त्याच धातूंची, सर्व बाजूंनी पंचवीस पट लहान गाडी केली, तर तिचे वजन किती? बरीच मुले सांगतील ४०० किलो. उत्तर आहे ६४० ग्रॅम. कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पंचवीस पटींनी घटल्या, म्हणजे वजन १५,६२५ पटींनी घटले.

माझी दुसरी गाडी झाली, तेव्हा मी ती पुन्हा त्याच ड्रायव्हरकाकांना दाखवली. त्यांनी या वेळी आधी शेपूट पाहिले. मग खिशातून चष्मा काढून दारातली पायरी पाहिली आणि म्हणाले, "ही आमचीच." त्यांची ती गाडी पुढे या रस्त्यावर दिसेनाशी झाली. वहीत मात्र तिची लांबी आहे, तिच्या दाराची उंची आहे, आणि टेपचे दुसरे टोक कोणी धरले होते तेही लिहिलेले आहे.

तुमच्या गावातही संध्याकाळी वस्तीची गाडी येत असेल. कोकणातल्या शाळांनी गाडीच घ्यावी असेही नाही. खाडीत एखादी जुनी लाकडी होडी अजून उभी असेल, तर आधी तिच्याकडे जा, कारण ती गाडीहूनही लवकर जाईल. टेप, सुतळी आणि वही घ्या. प्लास्टिक नंतर आणले तरी चालेल.